उस्मानियाच्या चार पिढ्या

हैदराबादच्या जुन्या शहराबाहेर अडिकमेटच्या खडकाळ माळावर उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची गुलाबी पाषाणाची इमारत उभी आहे. अर्नेस्ट जॅस्पर या बेल्जियन वास्तुशिल्पज्ञाने तिची आखणी केली. तिच्या कमानी इस्लामी घाटाच्या आहेत आणि खांबांवर अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची छाया आहे. ही लेणी त्या काळी निजामाच्याच राज्यात होती. ४ डिसेंबर १९३९ रोजी या वास्तूचे उद्घाटन झाले. तेव्हापासून तिच्या रुंद पायऱ्यांवर जितक्या सभा झाल्या, तितक्या देशातील फार थोड्या विद्यालयांनी पाहिल्या असतील. या सभांत पिढ्यापिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी जे मागितले ते वरवर पाहता परस्परविरोधी दिसते. एका पिढीने संस्थानाच्या सीमा मोडून भारतात विलीन होण्याचा आग्रह धरला. पुढच्या पिढ्यांनी त्याच संस्थानाच्या मुलखापुरते हक्क राखून ठेवण्याचा. आणि ज्याने तरुणपणी विद्यालयातून काढले जाण्याची शिक्षा भोगली, त्यालाच प्रौढपणी मंत्रिपदावरून विद्यार्थ्यांच्या मोर्चाला सामोरे जावे लागले, असेही येथे घडले आहे.

या सर्व प्रकाराचे मूळ विद्यापीठाच्या जन्मातच शोधावे लागते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढून विद्यापीठाच्या स्थापनेस मान्यता दिली आणि १९१९ साली वर्ग सुरू झाले. सर्व उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. शास्त्र, वैद्यक, कायदा, इतिहास हे सारे विषय उर्दूतून शिकविले जात. इंग्रजी हा केवळ एक आवश्यक विषय होता. पाठ्यपुस्तके सिद्ध करण्यासाठी भाषांतराची एक स्वतंत्र संस्था निर्माण करण्यात आली आणि तिने हजारो पारिभाषिक शब्द घडविले. देशी भाषांतून शिक्षणाच्या गोष्टी आज जे मोठ्या उत्साहाने बोलतात, त्यांनी या प्रयोगाचा अभ्यास अवश्य करावा. त्यातील यशही मोठे होते आणि वैगुण्यही मोठे होते. उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, बहुसंख्य प्रजेची नव्हे. प्रजेतील सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलत, आणि कानडी भाषकांचीही संख्या थोडीथोडकी नव्हती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील मुलाला पदवी हवी असेल तर एकतर उर्दूची कास धरावी लागे, नाहीतर पुणे, मुंबई किंवा नागपूर गाठावे लागे.

त्याच १९१९ साली आणखी एक नियम झाला. संस्थानात नोकरी मिळविण्यासाठी उमेदवार 'मुलकी' असला पाहिजे, म्हणजे तो त्या मुलखाचा तरी असला पाहिजे किंवा तेथे त्याने पंधरा वर्षे वास्तव्य केलेले असले पाहिजे, असे ठरले. उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या सुशिक्षितांनी दरबारातील जागा व्यापल्याची तक्रार फार जुनी होती. त्या तक्रारीवरील हा उतारा होता. एका बाजूला विद्यापीठ पदवीधर घडवू लागले आणि दुसऱ्या बाजूला त्या पदवीधरांसाठी नोकऱ्यांभोवती कुंपण घातले गेले. कारखानदारी तुटपुंजी, व्यापार थोड्यांच्या हाती. अशा राज्यात शिकलेल्या माणसाला सरकार हाच एकमेव धनी उरतो. हे विद्यापीठ आणि हे कुंपण यांचे नाते ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास उलगडत जातो.

पहिला मोठा उद्रेक मात्र नोकरीसाठी झाला नाही. तो एका गीतासाठी झाला. १९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसने बंदी मोडून सत्याग्रह आरंभिला होता. आर्य समाज आणि हिंदुमहासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. राज्यकर्ते साशंक झाले होते. अशा वेळी उस्मानियाच्या वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनागृहात 'वंदे मातरम्' म्हणतात, याला अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. हे गीत धार्मिक नसून राजकीय आहे आणि ते काहींना अप्रिय आहे, असा त्यांचा पक्ष होता. प्रार्थना कोणती म्हणावी हे आम्ही ठरवू, हा विद्यार्थ्यांचा पक्ष होता. विद्यार्थ्यांनी बंदी मानली नाही. आधी वसतिगृहातून आणि मग विद्यापीठातून त्यांना काढण्यात आले. औरंगाबाद, वरंगळ अशा ठिकाणच्या महाविद्यालयांतही हे लोण पोचले आणि शेकडो तरुण एकाएकी विद्यालयाविना उघडे पडले.

विद्यापीठातून काढणे ही शिक्षा कागदावर सौम्य दिसते. तिच्यात तुरुंग नाही, दंड नाही. पण ती ज्या घरावर कोसळते त्या घराला तिचे वजन कळते. यांतील पुष्कळ मुले खेड्यांतून आलेली, घराण्यातील पहिलीच कॉलेजात गेलेली होती. काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला दुसरे विद्यापीठ सहसा घेत नसे. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली. तेथील कुलगुरू टी. जे. केदार यांनी या निर्वासित विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, ही गोष्ट हैदराबादच्या त्या पिढीने कधी विसरली नाही. अडचण एवढीच होती की उस्मानियात उर्दूतून शिकलेला विद्यार्थी नागपुरास येऊन इंग्रजी व्याख्यानांपुढे बसला. गीताच्या एका ओळीपायी त्याला दुसऱ्याच भाषेत नव्याने विद्यार्थी व्हावे लागले.

वरंगळच्या महाविद्यालयातून असा बाहेर पडलेला सतरा वर्षांचा एक मुलगा पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकला, नागपुरास त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि मराठी तर इतकी आत्मसात केली की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. हैदराबादच्या राजकारणात ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पठडीत तयार झाले. स्वामीजी स्वतः शिक्षक. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांतून त्यांनी मराठवाड्यातील कार्यकर्त्यांची एक फळी उभी केली होती. १९४७ साली त्यांनी हाक देताच विद्यार्थ्यांनी पुन्हा वर्ग सोडले आणि कित्येक जण सरहद्दीवरील छावण्यांत दाखल झाले. उस्मानियाचा विद्यार्थी म्हणजे केवळ हिंदू सत्याग्रही, असा समज मात्र करून घेऊ नये. याच विद्यापीठाचा पदवीधर असलेला उर्दू कवी मखदूम मोहिउद्दीन याने प्राध्यापकी सोडून कामगारांचे व कम्युनिस्ट पक्षाचे काम पत्करले. निजामाच्या राजवटीविरुद्ध निजामाच्याच विद्यापीठातील मुसलमान तरुणही उभे राहिले होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. पहिल्या पिढीचे मागणे पुरे झाले. आणि येथेच दुसऱ्या पिढीच्या दुःखाला प्रारंभ झाला.

नव्या राजवटीला इंग्रजी जाणणारे, ब्रिटिश हिंदुस्थानच्या पद्धतीचे कारभारी हवे होते. ते मद्रासकडून आणि इतर प्रांतांतून आले. विद्यापीठातून उर्दू माध्यम गेले, इंग्रजी आले. ज्याने वीस वर्षे उर्दूतून शिकून पदवी मिळविली त्याची पदवी एका रात्रीत हलकी झाली. शाळांतील शिक्षकांच्या जागाही बाहेरच्यांना मिळू लागल्या. मुलकी नियम पुस्तकात तसेच होते. परंतु वास्तव्याचे खोटे दाखले सहज मिळतात, असा बोभाटा झाला. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर वरंगळ येथे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि लवकरच हैदराबाद पेटले. 'गैर-मुलकी परत जा' ही घोषणा तर होतीच, पण 'इडली-सांबार परत जा' अशीही एक घोषणा होती. परक्या अधिकाऱ्यावरचा राग त्याच्या ताटावर निघावा, यात विनोद आहे तसे वैषम्यही आहे. सप्टेंबरच्या आरंभी सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला आणि त्यात माणसे दगावली. न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी यांनी त्याची चौकशी केली. मुख्यमंत्री होते बुर्गुल रामकृष्ण राव: फर्ग्युसनचे पदवीधर, बहुभाषी, निजामी राजवटीशी झगडलेले. निवडून आलेल्या पहिल्या मंत्रिमंडळाला अवघ्या सहा महिन्यांत आपल्याच मुलांवर गोळी चालल्याचे उत्तर द्यावे लागले.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. फाजल अली आयोगाने तेलंगण काही काळ वेगळे ठेवावे, १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर तेथील विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी संमती दिल्यास आंध्रात मिळवावे, असे सुचविले होते. तसे झाले नाही. २० फेब्रुवारी १९५६ रोजी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी एक करार केला. तेलंगणच्या महसुलातील शिल्लक तेलंगणातच खर्च व्हावी, नोकऱ्यांसाठी वास्तव्याची अट राहावी, मुख्यमंत्री एका भागाचा तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा, अशी त्यातील कलमे. याला 'सभ्य गृहस्थांचा करार' म्हणतात. आणि अशा करारांचे दुर्दैव हेच की त्यांना कायद्याचा आधार नसतो. राज्य स्थापन होताच पहिल्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नव्हता. त्याच १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तेथील महाविद्यालयांचा उस्मानियाशी असलेला संबंध १९५८ साली औरंगाबादेस नवे विद्यापीठ झाल्यावर तुटला.

नोकऱ्यांच्या कुंपणाची गोष्ट मात्र संपली नव्हती. राज्यघटनेप्रमाणे वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. संसदेने १९५७ साली तसा कायदा केला आणि तेलंगणापुरते संरक्षण मुदतबंद ठेवले. ती मुदत वाढत वाढत १९६९ वर आली. तोवर पोलाद, वीज, पाटबंधारे यांची कामे निघाली होती आणि त्यांत भरती कोणाची होते याकडे तेलंगणातील प्रत्येक घरचे डोळे लागलेले होते. जानेवारी १९६९ मध्ये कोत्तगुडेमच्या वीजकेंद्रातील नोकऱ्यांवरून कुरबूर सुरू झाली. खम्मम येथे एका विद्यार्थ्याने उपोषण आरंभिले आणि आठवड्याभरात उस्मानियाचे वर्ग ओस पडले. १९ जानेवारीस सर्व पक्षांनी एकत्र बसून तोड काढली. गैर-मुलकींना परत पाठवावे, शिलकेचा हिशेब करावा, असे ठरले. पण त्या समेटाने विद्यार्थ्यांत फूट पडली. एका गटाला संरक्षणे पुरेशी वाटत होती. दुसऱ्याला आता वेगळे राज्यच हवे होते. मार्चअखेर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या कायद्यातील तेलंगणाविषयीची अट घटनाबाह्य ठरविली आणि पहिल्या गटाच्या पायाखालची जमीनच गेली. ज्या संरक्षणांवर समाधान मानावयाचे ती न्यायालयात टिकत नाहीत असे दिसल्यावर वेगळ्या राज्याची मागणी विद्यार्थ्यांत प्रबळ झाली.

त्या वर्षी तेलंगणात परीक्षा विस्कळीत झाल्या, महाविद्यालये महिनोन्‌महिने बंद राहिली आणि पुष्कळांचे एक पूर्ण वर्ष गेले. गोळीबारांत किती जण गेले यावर आजही एकमत नाही. चळवळीच्या बाजूने ३६९ हा आकडा सांगितला जातो. सरकारी आकडा त्याहून बराच कमी आहे. मृतांत विद्यार्थी होते, आणि त्यांतील बहुतेकांचा जन्म संस्थानाच्या अखेरच्या दिवसांतला किंवा त्यानंतरचा होता. निजामाचे राज्य त्यांनी अनुभवले नव्हते. त्याने घातलेल्या कुंपणासाठी मात्र त्यांनी प्राण दिले.

चळवळ वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या हाती गेली. तेलंगण प्रजा समितीने १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणातील चौदांपैकी दहा जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. समेटाची खूण म्हणून तेलंगणचा मुख्यमंत्री नेमण्यात आला, तो पी. व्ही. नरसिंह राव. वरंगळच्या वर्गातून घालविलेला मुलगा आता राज्याचा प्रमुख होता. वर्षभरातच, ऑक्टोबर १९७२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दुसरा निर्णय दिला: संसदेचा कायदा बाद झाला असला तरी निजामाचे जुने मुलकी नियम घटनेनेच चालू ठेवलेले आहेत, म्हणून ते वैध आहेत. आता खवळण्याची पाळी किनाऱ्यावरच्या आंध्राची होती. आपल्याच राजधानीत आपण गैर-मुलकी, हे तेथील विद्यार्थ्यांना सोसेना. 'जय आंध्र' चळवळीत विद्यार्थी आणि सरकारी नोकर खांद्याला खांदा लावून उतरले. मंत्र्यांनी राजीनामे दिले. जानेवारी १९७३ मध्ये नरसिंह रावांचे मंत्रिमंडळ गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. त्या विद्यार्थ्यांत वेंकय्या नायडू नावाचा एक तरुण होता. १९६९ च्या उस्मानियातील एक विद्यार्थी-पुढारी मल्लिकार्जुन हे पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले, तेही पंतप्रधान नरसिंह रावांच्याच मंत्रिमंडळात. राजकारणाची स्मरणशक्ती विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीपेक्षा फार लवचिक असते.

याचा शेवट १९७३ च्या सहा कलमी तोडग्याने झाला. मुलकी नियम रद्द झाले. घटनेत दुरुस्ती होऊन सगळ्या राज्याचे विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभागात स्थानिकांसाठी जागा राखण्यात आल्या. त्याच तोडग्यातील एका कलमानुसार १९७४ साली हैदराबादेत एक केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून विद्यापीठ जन्मास यावे, ही देशातील विरळा घटना म्हटली पाहिजे. जुन्या संस्थानाच्या मराठी भागातही हीच हवा होती. १९७४ साली मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी नोकऱ्या, रुंद रेल्वेमार्ग आणि उद्योग यांसाठी जे आंदोलन केले, त्याचे वळण तेलंगणच्या चळवळीशी किती जुळते हे अभ्यासण्याजोगे आहे. मराठवाड्याने वेगळे राज्य मागितले नाही; मात्र मागासपणाचा हिशेब त्यानेही नोकऱ्यांच्या आकड्यांतच मांडला.

सहा कलमे कागदावर चोख होती. परंतु नेमणुकांच्या वेळी ती पाळली गेली नाहीत, अशी कबुली १९८५ च्या डिसेंबरात सरकारनेच आपल्या ६१० क्रमांकाच्या आदेशात जवळजवळ दिली. चुकीच्या विभागात नेमलेल्यांना परत पाठवावे असे त्यात म्हटले होते. हा क्रमांक पुढे तेलंगणातील शाळकरी मुलांनाही पाठ झाला. सरकारी आदेशाचा क्रमांक लोकांच्या तोंडी घोषणेसारखा बसतो, तेव्हा त्या आदेशाची अंमलबजावणी झालेली नसते असे खुशाल समजावे.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी के. चंद्रशेखर राव यांनी वेगळ्या राज्यासाठी उपोषण आरंभिले. त्यांना अटक झाली आणि उपोषण सुटल्याची वार्ता आली. त्या क्षणी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या त्या सरकारविरुद्ध तर होत्याच, खुद्द राव यांच्याविरुद्धही होत्या. उपोषण पुढे चालू राहिले. ९ डिसेंबरला केंद्राने राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याचे जाहीर केले आणि दोन आठवड्यांत पाऊल मागे घेतले. पुढची चार वर्षे विद्यापीठ हे चळवळीचे केंद्र होऊन बसले. त्या काळात कित्येक तरुणांनी निराशेने स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या घरांना चळवळीने हुतात्म्यांचा मान दिला, पण असे मरण थांबविण्याचे सामर्थ्य पुढाऱ्यांत अधिक दिसावयास हवे होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेत विधेयक आले तेव्हा राज्यसभेत उरलेल्या आंध्रासाठी सवलतींचा आग्रह धरणारे होते वेंकय्या नायडू. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले.

पिढ्यांचा फेरा मात्र थांबला नाही. राज्य झाल्यावर नोकऱ्या भरभरून येतील, ही विद्यार्थ्यांची अपेक्षा होती. भरतीच्या जाहिराती निघत नाहीत म्हणून उस्मानियात पुन्हा मोर्चे निघाले. एप्रिल २०१७ मध्ये विद्यापीठाची शताब्दी झाली. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी आले होते. ज्यांच्या चळवळीला या विद्यापीठाने खांदा दिला ते मुख्यमंत्री चंद्रशेखर राव व्यासपीठावर बसले होते, पण त्यांचे भाषण झाले नाही. २०२३ च्या मार्चमध्ये प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे राज्य लोकसेवा आयोगाला वरिष्ठ जागांची परीक्षा रद्द करावी लागली आणि वर्षअखेर सरकार बदलले.

मार्च २०२५ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने एक परिपत्रक काढून विभाग, महाविद्यालये आणि कार्यालये यांच्या आवारात धरणे, निदर्शने व घोषणा यांस मनाई केली. त्याच महिन्याच्या शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सहा कलमांतून जन्मलेल्या केंद्रीय विद्यापीठाशेजारी, गच्चीबावलीच्या चारशे एकर झाडीवर सरकारी यंत्रे चालू लागली आणि तेथील विद्यार्थी त्यांच्यापुढे उभे राहिले. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. त्या विद्यापीठात प्रवेश साऱ्या देशातील मुलांना खुला आहे. तेथे उभ्या राहिलेल्यांत मुलकी कोण आणि गैर-मुलकी कोण, हे कोणी विचारले नाही.